लिनक्सवर वर्डच्या फाइली नीट दिसाव्यात म्हणून कोणते फॉन्ट बसवावेत?

प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसचा संगणक विंडोजवरून उबुंटूवर आणला आहे. जुन्या वर्ड फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात, पण चार पानांचे पत्र पाचव्या पानावर सांडते. मराठी मजकूर पूर्वीसारखा दिसत नाही, आणि काही फाइलींत तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. सुसंगत फॉन्ट कुठून आणायचे आणि कसे बसवायचे?

या तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत. इंग्रजी मजकुराची पाने सरकतात, त्यावर मोफत, कायदेशीर आणि जवळजवळ पूर्ण उपाय आहे. मराठीसाठी तसा आयता उपाय नाही. तिथे फाइल पाठवणाऱ्याने आणि घेणाऱ्याने एकच मुक्त फॉन्ट वापरायचे ठरवावे लागते. खिचडीचा प्रश्न तर फॉन्टने सुटतच नाही, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणावा लागतो. तिन्ही गोष्टी एकत्र करून ‘फॉन्टचा गठ्ठा टाका’ असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने बहुतेक वेळा गोंधळ वाढतो.

खाली आज्ञांची आणि पॅकेजांची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत टाइप करायची. पॅकेजांची नावे आणि आज्ञा सगळ्या छोट्या अक्षरांत असतात.

सुसंगत म्हणजे काय

वर्डच्या फाइलीत सहसा फॉन्ट नसतो, फक्त त्याचे नाव असते: ‘कॅलिब्री, ११’. त्या नावाचा फॉन्ट संगणकावर नसेल तर प्रणाली दुसरा कुठलातरी घेते. त्याचे प्रत्येक अक्षर केसभर जरी रुंद असले तरी ओळीत एखादा शब्द कमी मावतो, परिच्छेद एका ओळीने वाढतो आणि सहीची जागा पुढच्या पानावर जाते. सुसंगत फॉन्ट म्हणजे ज्यातल्या प्रत्येक अक्षराची रुंदी मूळ फॉन्टमधल्या त्याच अक्षराइतकी आहे असा फॉन्ट. अक्षराचे वळण वेगळे असू शकते, पण ओळ तिथेच तुटते आणि पान तिथेच संपते. वळण सारखे दिसते म्हणून फॉन्ट निवडणे ही इथली नेहमीची चूक आहे. पानांचा हिशेब रुंदीवर चालतो.

इंग्रजीसाठी या जोड्या लक्षात ठेवा. एरियलला लिबरेशन सॅन्स, टाइम्स न्यू रोमनला लिबरेशन सेरिफ, कुरियर न्यूला लिबरेशन मोनो. हे तिन्ही रेड हॅटने २००७ मध्ये मुक्त केले. कॅलिब्रीला कार्लिटो आणि कॅम्ब्रियाला कॅलेडिया. हे दोन्ही गूगलने क्रोम ओएससाठी आणले. जॉर्जियाला जेलासिओ. एरियल नॅरोसाठी लिबरेशन सॅन्स नॅरो आहे, पण त्याचा परवाना वेगळा असल्यामुळे लिबरेशनच्या नव्या मालिकेतून तो बाजूला काढला गेला. डेबियन कुटुंबात (उबुंटू त्यातलेच) त्याचे पॅकेज वेगळे आहे. सरकारी तक्त्यांत एरियल नॅरो बराच दिसतो आणि नेमके हेच पॅकेज बसवायचे राहून जाते.

डेबियन, उबुंटू आणि डेबियनवर आधारलेल्या, सीडॅकच्या बॉससारख्या वितरणांत (म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्त्यांत) ही पॅकेजे शोधा: फॉन्ट्स-लिबरेशन, फॉन्ट्स-लिबरेशन-सॅन्स-नॅरो, फॉन्ट्स-क्रॉसएक्स्ट्रा-कार्लिटो, फॉन्ट्स-क्रॉसएक्स्ट्रा-कॅलेडिया. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल’ पुढे चारही नावे एका ओळीत दिली की काम झाले. फेडोरात नावे थोडी वेगळी आहेत, म्हणून ‘डीएनएफ सर्च’ पुढे कार्लिटो, कॅलेडिया, लिबरेशन असे शब्द देऊन नेमके पॅकेज निवडा.

यानंतर लिब्रेऑफिसला वेगळे काही सांगावे लागत नाही. फॉन्ट शोधून देणाऱ्या फॉन्टकॉन्फिग या घटकात ‘३०-मेट्रिक-एलियासेस’ नावाची नियमांची फाइल आधीच असते आणि कोणत्या नावाला कोणता फॉन्ट मापाने जुळतो ते तिच्यात लिहिलेले असते. खात्री करायची असेल तर टर्मिनलमध्ये ‘एफसी-मॅच’ लिहून पुढे एरियल हे नाव द्या. उत्तरात लिबरेशन सॅन्स (किंवा त्याच मापाचा अरिमो) आला पाहिजे. मग कॅलिब्री देऊन पाहा, कार्लिटो यायला हवा. डेजावू सॅन्स आला तर कार्लिटो बसलेला नाही. डेजावूची अक्षरे चांगलीच रुंद आहेत आणि पाने फुगतात ती बहुधा त्याच्यामुळेच.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘एफसी-मॅच’ कधीही ‘नाही’ म्हणत नाही. मनाने रचलेले नाव दिले तरी ते कुठलातरी फॉन्ट दाखवते. उत्तर आले म्हणजे फॉन्ट आहे असे नव्हे, उत्तरातले नाव वाचायला हवे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फाइल उघडल्यावर सगळा मजकूर निवडून त्याला कार्लिटो लावू नका. फाइलीत नाव कॅलिब्रीच राहू द्या. लिब्रेऑफिस पडद्यावर आणि छपाईत कार्लिटो वापरते, नाव मात्र बदलत नाही, त्यामुळे फाइल परत विंडोजवर गेली की तिथे खरा कॅलिब्री लागतो. तुम्ही हाताने कार्लिटो केलात तर समोरच्याकडे तो नसतो आणि मग पाने त्याच्याकडे सरकतात. फॉन्टच्या चौकटीत नाव तिरके दिसत असेल तर त्याचा अर्थ एवढाच की तो फॉन्ट इथे नाही आणि बदली फॉन्ट लागला आहे. ते दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नका.

लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लिब्रेऑफिस, फॉन्ट्स इथे बदलीचा तक्ता आहे. फॉन्टकॉन्फिगला माहीत नसलेल्या नावांसाठीच तो वापरा. त्यातली ‘ऑलवेज’ ही खूण केली तर मूळ फॉन्ट बसलेला असला तरी बदलीच वापरला जातो. पुढे कधी खरा फॉन्ट बसवला की ‘दिसत का नाही’ म्हणून शोधाशोध होते ती या विसरलेल्या खुणेमुळे.

मायक्रोसॉफ्टचे मूळ फॉन्ट

मायक्रोसॉफ्टने १९९६ ते २००२ या काळात वेबसाठी काही फॉन्ट मोफत उतरवून घ्यायला ठेवले होते: एरियल, टाइम्स न्यू रोमन, कुरियर न्यू, जॉर्जिया, व्हर्डाना, ट्रेबुशे, कॉमिक सॅन्स, इम्पॅक्ट वगैरे. डेबियनच्या ‘काँट्रिब’ आणि उबुंटूच्या ‘मल्टिव्हर्स’ विभागात ‘टीटीएफ-एमएसकोअरफॉन्ट्स-इन्स्टॉलर’ हे पॅकेज आहे, ते हे फॉन्ट आणून देते. बसवताना टर्मिनलमध्ये परवान्याचा मजकूर येतो आणि माउस चालत नाही. टॅब दाबून ‘ओके’वर यायचे, एंटर दाबायचे, मग ‘येस’ निवडायचे. इथे गोंधळून खिडकी बंद केली की बसवणे अर्धवट राहते.

या पॅकेजात प्रत्यक्ष फॉन्ट नाहीत, ते बसवताना इंटरनेटवरून उतरवले जातात. ऑफिसच्या प्रॉक्सीमागे उतरवणे फसले तरी पॅकेज ‘बसले’ असे दिसू शकते. म्हणून नंतर ‘एफसी-लिस्ट’मध्ये एरियल खरोखर आहे का ते पाहा. नसेल तर इंटरनेटची अडचण दूर करून एपीटीला रीइन्स्टॉलचा पर्याय देऊन पॅकेज पुन्हा बसवा.

पण हे पॅकेज हवेच का? माझे मत, बहुतेकांना नको. त्यात कॅलिब्री आणि कॅम्ब्रिया नाहीत, ते २००७ च्या ऑफिसबरोबर आले. त्यात देवनागरी नाही. आणि ते फॉन्ट जुने असल्यामुळे ₹ हे चिन्हही नाही, कारण ते युनिकोडमध्ये २०१० साली आले. बिलात एरियल असेल तर रुपयाचे चिन्ह दुसऱ्या फॉन्टमधून उसने येते आणि आकड्यांच्या शेजारी ठळकपणे वेगळे दिसते. व्हर्डाना, ट्रेबुशे किंवा कॉमिक सॅन्स वापरलेल्या फाइली सतत येत असतील तर बसवा, नाहीतर लिबरेशनवर भागते.

विंडोजच्या फोल्डरमधून फॉन्ट उचलून लिनक्समध्ये टाकण्याचा सल्लाही ऐकाल. तांत्रिकदृष्ट्या ते चालते, पण ते फॉन्ट विंडोजच्या आणि ऑफिसच्या परवान्याखाली येतात. संस्थेच्या संगणकांवर असे करणे म्हणजे परवान्याचा प्रश्न अंगावर घेणे आहे. ऑफिसच्या संगणकावर ते करू नका.

२०२३ पासून नव्या वर्डचा मूळ फॉन्ट कॅलिब्री नसून ॲप्टॉस आहे. ॲप्टॉसचा मापाने जुळणारा जोडीदार वितरणांबरोबर येत नाही. अशा फाइली तुमच्याकडे नियमित येत असतील आणि पान जसेच्या तसे राहणे गरजेचे असेल तर पाठवणाऱ्यांना वर्डचा नमुना कॅलिब्री किंवा एरियलवर ठेवायला सांगणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

मराठीचे वेगळे आहे

विंडोजवरचे मराठी कागद बहुतेक मंगल किंवा निर्मला यूआय या फॉन्टमध्ये असतात, क्वचित कोकिला, उत्साह, अपराजिता. यांच्या मापाला जुळवून केलेला मुक्त फॉन्ट लिनक्सच्या वितरणांत नाही. एरियलला लिबरेशन आहे तसे मंगलला काही नाही. म्हणून मंगलमधली फाइल लिनक्सवर उघडली की ओळी हलणारच. मंगलच्या ओळीची उंचीही बरीच मोठी आहे. मंगलमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये गेला की बहुधा पाने कमी होतात आणि मथळे पानाच्या तळाशी एकटे पडतात.

त्यात भर म्हणजे विंडोज १० पासून मंगल, कोकिला, उत्साह आणि अपराजिता हे पर्यायी भागात गेले आहेत. त्या संगणकावर देवनागरीची भाषा जोडलेली नसेल तर तिथेही मंगल नसू शकतो. म्हणजे दोन विंडोज संगणकांवरही तीच फाइल वेगळी दिसते. मग सगळा दोष लिनक्सला देण्यात अर्थ नाही, आणि मंगलच्या मागे लागण्यातही नाही.

उपाय असा: ऑफिसात आणि ज्यांच्याशी फाइलींची देवाणघेवाण होते त्यांच्याकडे एकच मुक्त देवनागरी फॉन्ट बसवायचा आणि फाइलींचे नमुने त्यातच करायचे. मुक्त परवान्याचे फॉन्ट विंडोजवरही बसतात, कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

निवडीला वाव भरपूर आहे. पत्रव्यवहारासाठी नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट चांगला. ‘मुक्त’चे सात वजनांचे, म्हणजे कमी-जास्त जाडीचे, प्रकार आहेत आणि त्यात रोमन अक्षरेही त्याच वळणाची मिळतात. इंग्रजी नावे आणि आकडे मध्येमध्ये येणाऱ्या कागदांत हा मोठा फायदा आहे. छापील पुस्तकासारखा तोंडवळा हवा असेल तर नोटो सेरिफ देवनागरी किंवा टिरो देवनागरी मराठी. टिरोमध्ये ठळक प्रकार नाही. ‘बोल्ड’ केले तर प्रणाली अक्षरे कृत्रिमरीत्या जाड करते आणि जोडाक्षरे बुजतात, म्हणून मथळ्यांना तो वापरू नका. राज्य मराठी विकास संस्थेने काढलेले यशोमुद्रा आणि यशोवेणूही आहेत. रेड हॅटने प्रायोजित केलेला लोहित देवनागरी दिसायला साधा आहे, पण बहुतेक वितरणांत सहज मिळतो आणि पडद्यावर वाचायला स्वच्छ आहे.

डेबियन-उबुंटूवर फॉन्ट्स-नोटो-कोर आणि फॉन्ट्स-लोहित-देवा ही दोन पॅकेजे पुरतात. ‘फॉन्ट्स-देवा’ नावाचे एक गठ्ठा पॅकेज आहे, ते लोहितबरोबर गार्गी, नकुल, सहदेव वगैरे पुष्कळ फॉन्ट आणते. ते मी बसवू नका असे सांगेन. फाइलीतला फॉन्ट सापडला नाही की प्रणाली असलेल्या देवनागरी फॉन्टांतून एक उचलते. जितके फॉन्ट जास्त तितके नेमका कोणता उचलला जाईल ते सांगणे अवघड, आणि ऑफिसातल्या दोन संगणकांवर दोन वेगळे फॉन्ट लागतात. यातले काही फॉन्ट जुने असून त्यांत नवी अक्षरेही नाहीत.

फॉन्ट हाताने बसवताना

‘मुक्त’, टिरो यांसारखे फॉन्ट झिप फाइलीत मिळतात. झिप उलगडा. आपल्या होम फोल्डरमध्ये ‘लोकल’ नावाचा लपलेला फोल्डर असतो, त्याच्या नावाआधी टिंब असते. फाइल व्यवस्थापकात कंट्रोल आणि एच दाबले की तो दिसतो. त्यात ‘शेअर’, त्यात ‘फॉन्ट्स’ असा फोल्डर नसेल तर तयार करा आणि टीटीएफ किंवा ओटीएफ फाइली तिथे ठेवा. मग टर्मिनलमध्ये ‘एफसी-कॅश’ ही आज्ञा एफ या पर्यायासह चालवा आणि लिब्रेऑफिस पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. उघडे असलेले लिब्रेऑफिस नवा फॉन्ट दाखवेलच असे नाही.

संगणकावरच्या सर्वांना फॉन्ट हवा असेल तर तो यूएसआर, लोकल, शेअर, फॉन्ट्स या मार्गाच्या फोल्डरमध्ये सुडो वापरून ठेवा. इथे परवानग्या तपासा: फाइली ६४४, फोल्डर ७५५. सुडोने नक्कल केलेल्या फाइली कधी फक्त रूटला, म्हणजे प्रशासक खात्यालाच, वाचता येतात. मग फॉन्ट फोल्डरमध्ये दिसतो, यादीत येत नाही.

झिपमध्ये बऱ्याचदा दोन प्रकारच्या फाइली असतात. एक ‘व्हेरिएबल’ फाइल, जिच्यात सगळी वजने एकत्र असतात, आणि दुसऱ्या ‘स्टॅटिक’ फोल्डरमधल्या रेग्युलर, बोल्ड अशा सुट्या फाइली. सुट्या फाइलीच बसवा. लिब्रेऑफिसला व्हेरिएबल फॉन्ट नीट हाताळता येऊ लागले ते ७.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून. त्याआधीच्या आवृत्तीत पडद्यावर ठळक दिसणारा मथळा पीडीएफमध्ये साधा होऊ शकतो. दोन्ही प्रकार एकत्र बसवले तर एकाच नावाचे दोन फॉन्ट यादीत येतात आणि कोणता लागेल याचा नेम राहत नाही. वेबसाठीच्या डब्ल्यूओएफएफ फाइली इथे कामाच्या नाहीत.

लिब्रेऑफिस फ्लॅटपॅक किंवा स्नॅप स्वरूपात असेल तर ते बंदिस्त वातावरणात चालते. वरच्या दोन्ही फोल्डरांतले फॉन्ट त्याला दिसतात, पण दुसऱ्या डिस्कवर फॉन्ट ठेवून इथे नुसता दुवा दिला असेल तर तो दुवा आतून उघडत नाही. फाइलीच प्रत्यक्ष ठेवा.

लिब्रेऑफिसमध्ये मराठी लावताना

वर्डच्या आणि लिब्रेऑफिसच्या फाइलीत प्रत्येक मजकुराला रोमनचा फॉन्ट वेगळा आणि देवनागरीसारख्या लिप्यांचा वेगळा नोंदवलेला असतो. आकारही वेगळा नोंदवलेला असतो. रोमनचा १४ केला आणि मराठी १२ वरच राहिले, असे होते ते यामुळेच. आधी टूल्स, ऑप्शन्समध्ये भाषांच्या भागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ची खूण करा आणि तिथे भाषा मराठी निवडा. मग रायटरच्या भागात ‘बेसिक फॉन्ट्स (सीटीएल)’ इथे ठरवलेला फॉन्ट लावा. यापुढे फॉरमॅट, कॅरॅक्टरच्या चौकटीत वेस्टर्न आणि कॉम्प्लेक्स असे दोन भाग दिसतील. शक्य असेल तर दोन्हींत एकच फॉन्ट ठेवा. पूर्णविराम, स्वल्पविराम, कंस, इंग्रजी आकडे ही देवनागरी अक्षरे नाहीत. ती कधी एका फॉन्टमधून येतात, कधी दुसऱ्या, आणि ओळीत उंचसखल दिसतात. दोन्हीकडे ‘मुक्त’ हाच फॉन्ट असला की हा त्रास संपतो.

भाषा मराठी निवडणे हे नुसते शुद्धलेखन तपासणीसाठी नाही. नोटो आणि लोहितमध्ये ल आणि श यांची दोन-दोन रूपे आहेत. मजकुरावर हिंदीची खूण असेल तर दंडाचा ल आणि हिंदी वळणाचा श येतो, मराठीची खूण असेल तर पाकळीचा ल आणि देठाचा श येतो. फॉन्ट तोच, फक्त भाषेची खूण बदलली. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाणित वर्णमाला ठरवताना मराठी वळणे धरली. दुसरीकडून आलेल्या फाइलीत ल उभ्या दंडाचा दिसला तर फॉन्ट बदलायच्या आधी सगळा मजकूर निवडून खालच्या पट्टीत भाषा काय दिसते ते पाहा. बहुतेक वेळा तिथे हिंदी लिहिलेले असते.

नवा फॉन्ट ठरवण्याआधी एक छोटी चाचणी घ्या. एका ओळीत हे लिहा: दऱ्या, आचाऱ्यास आणि आचार्यास, कऱ्हाड, ॲड., ऑगस्ट, उद्ध्वस्त, ज्ञानेश्वर, लक्ष्मी, ट्रक, ₹ ५,००० आणि ५, ८, ९ हे आकडे. ऱ्याचा अर्धा र पापणीसारखा आडवा दिसला पाहिजे. तिथे हलन्त उघडा पडला किंवा रफार चढला तर एकतर फॉन्ट मराठीसाठी अपुरा आहे, नाहीतर अक्षर चुकीचे टाइप झाले आहे. यातले कोणते, हे ओळखायला कर्सर त्या अक्षरानंतर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबा. लिब्रेऑफिस अक्षराच्या जागी त्याचा युनिकोड क्रमांक दाखवते. पुन्हा दाबले की अक्षर परत येते. नुक्ता असलेला ऱ ०९३१ आहे, साधा र ०९३०.

ॲ कडे नीट लक्ष द्या. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्यामुळे आधीच्या फॉन्टांत ते नाहीच. ‘ॲड.’ मधला ॲ चौकोन दिसत असेल किंवा शेजारच्या अक्षरांपेक्षा जाडजूड दिसत असेल तर फॉन्ट जुना आहे. काही जण मग अ वर चंद्र देऊन वेळ मारून नेतात. दिसायला ते ठीक, पण शोधताना आणि याद्या लावताना ती दोन वेगळी अक्षरे धरली जातात. मतदार याद्या किंवा सभासदांच्या याद्या असतील तर याने खरोखर नावे सापडत नाहीत. फॉन्ट बदला, अक्षर बदलू नका.

पाने स्थिर ठेवायची असतील तर आणखी एक गोष्ट करा. परिच्छेदाच्या मांडणीत ओळींमधले अंतर ‘सिंगल’ न ठेवता ‘फिक्स्ड’ करा, म्हणजे ते फॉन्टच्या स्वतःच्या उंचीवर अवलंबून राहत नाही. १२ आकाराच्या देवनागरीला २० पॉइंटपासून सुरुवात करून पाहा. फार कमी केले तर वेलांट्या, रफार आणि अनुस्वार वरून कापले जातात. पडद्यावर हे कधी लक्षात येत नाही, म्हणून ‘र्कीं’सारखे अक्षर असलेली एक ओळ छापून बघा. यामुळे उभे अंतर पक्के होते. रुंदीचा फरक तरी उरतोच, पण फॉन्ट एकच ठरला असेल तर तोही राहत नाही.

समोरच्याला फॉन्ट बसवता येत नसेल तर फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट या टॅबवर ‘एम्बेड’ची खूण करा, आणि फक्त वापरलेले फॉन्ट घालण्याचा पर्यायही निवडा, नाहीतर फाइल विनाकारण फुगते. मुक्त परवान्याच्या फॉन्टांना याची मुभा आहे. डेस्कटॉपवरचा वर्ड हे फॉन्ट वाचतो. ब्राउझरमधल्या संपादकांवर मात्र यासाठी विसंबू नका.

इंग्रजी अक्षरांची खिचडी

युनिकोडच्या आधीचे फॉन्ट, म्हणजे शिवाजी, किरण, कृतिदेव, श्रीलिपी आणि सीडॅकच्या आयएसएम या प्रणालीचे अनेक फॉन्ट, इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवत. फाइलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरेच असतात, फॉन्ट ती मराठीसारखी दाखवतो. फॉन्ट गेला की खिचडी उघडी पडते. तो मजकूर नोटोमध्ये किंवा मंगलमध्ये कधीच मराठी दिसणार नाही.

तुमच्याकडे त्या फॉन्टची परवान्याची प्रत असेल तर ती लिनक्सवरही बसते आणि मजकूर वाचता येतो. पण फाइलीत लिहायला लागाल तर आधी टूल्समधली ऑटोकरेक्ट सेवा बंद करा. ती वाक्याचे पहिले अक्षर कॅपिटल करते आणि सरळ अवतरणे वळवते, आणि या फॉन्टांत कॅपिटल अक्षर म्हणजे वेगळेच व्यंजन असते. शब्द बिघडतो आणि कारण सापडत नाही.

कायमचा उपाय रूपांतराचा. आधी फॉन्टचे नेमके नाव पाहा, कारण प्रत्येक कुटुंबाचा तक्ता वेगळा असतो. शिवाजीचा रूपांतरक श्रीलिपीला चालत नाही. मूळ फॉन्ट असेल तर रूपांतराआधी फाइलीची पीडीएफ करून ठेवा, पडताळणीला तीच लागेल. फाइलीत खरी इंग्रजी वाक्येही असतील तर सगळा मजकूर एकदम रूपांतरित करू नका, नाहीतर इंग्रजीचाही चुथडा होतो. फाइंड अँड रिप्लेसमध्ये ‘फॉरमॅट’ वापरून त्या फॉन्टमधला मजकूर तेवढा शोधा आणि ‘फाइंड ऑल’ने निवडा. तक्त्यांच्या फाइलींत एकेक स्तंभ घेणे सोपे जाते.

पडताळताना ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांवर आधी नजर टाका. जुन्या पद्धतीत वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टाइप होत असे, युनिकोडमध्ये क्रम उलटा आहे. जोडाक्षरावर वेलांटी आली की साधे रूपांतरक चुकतात आणि ‘स्थिती’सारखे शब्द मोडतात. तुटक वर्तुळावर लटकलेली मात्रा दिसली की तिथे क्रम चुकला आहे असे समजा. अंक आणि अवतरणचिन्हेही तपासा. रकमांच्या स्तंभात एखादा अंक बदलला तर तो वाचून सहज कळत नाही, म्हणून बेरीज मूळ पीडीएफशी ताडून पाहा.

अंतिम प्रत पाठवायची असेल तेव्हा पीडीएफच पाठवा, आणि पाठवण्याआधी ‘पीडीएफफॉन्ट्स’ ही आज्ञा त्या फाइलीवर चालवा. ती पॉपलर-यूटिल्स या पॅकेजात असते. प्रत्येक फॉन्टसमोर ‘ईएमबी’ या रकान्यात ‘येस’ हवे. ‘नो’ असेल तर तो फॉन्ट फाइलीत घातलेला नाही आणि समोरच्या संगणकावर पुन्हा बदली फॉन्ट लागेल. ‘यूएनआय’चा रकानाही पाहा. तिथे ‘नो’ असेल तर पीडीएफ छापून बरोबर येईल, पण तिच्यातून मराठी शोधता किंवा नक्कल करता येण्याची खात्री नाही. नावांच्या यादीत तुम्ही न निवडलेला एखादा देवनागरी फॉन्ट दिसला तर दस्तऐवजात कुठेतरी जुना फॉन्ट शिल्लक आहे. बहुधा तो शीर्षपट्टीत, तळटीपेत किंवा रिकाम्या परिच्छेदात सापडतो.